नेमलेल्या लढती : विरारच्या शौकिनाचे मुष्टियुद्ध

व्यावसायिक मुष्टियुद्धाला हंगाम नाही आणि गुणतक्ताही नाही. क्रिकेट, फुटबॉल किंवा कबड्डीच्या चाहत्याला आरंभीच सामन्यांची यादी हाती मिळते आणि अंतिम सामन्यात कोण खेळणार हे ठरण्याच्या कितीतरी आधी तो कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर होणार हे ठाऊक असते. मुष्टियुद्धात हा क्रम उलटा चालतो, म्हणजे आधी दोन माणसे जमतात, मग त्यांचा पैसा ठरतो, मग शहर ठरते आणि तारीख सर्वांत शेवटी येते, तीही पुढे ढकलली जाणार नाही असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. या खेळाचा शौकीन म्हणूनच वर्षातील फार थोडे तास प्रत्यक्ष लढती पाहतो आणि उरलेला सगळा काळ अजून न झालेल्या, क्वचित कधीच न होणाऱ्या लढतींचा माग काढत असतो. चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवर, पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील विरारमध्ये बसून हा माग काढणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते : रिंगणात आपला म्हणावा असा कोणीच नसतो. पृथ्वी शॉ विरारचा म्हणून इथल्या क्रिकेटवेड्यांना जो हक्काचा अभिमान बाळगता आला, तसा मुष्टियुद्धाच्या शौकिनाला कधी लाभलेला नाही. ही उणीव खरी. परंतु लढत नीट पाहता येण्यासाठी तीच त्याच्या कामी येते, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला या खेळाची घडण समजावून देण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. गावजत्रेतले कुस्तीचे मैदान पुरेसे आहे. महाराष्ट्र केसरी ही १९६१ पासूनची स्पर्धा, तिच्यात वजनगट असतात, बाद फेऱ्या असतात आणि जिंकेल तो पुढे सरकतो. जत्रेच्या मैदानात मात्र कुस्त्या 'नेमलेल्या' असतात : यात्रा कमिटी दोन्ही बाजूंच्या वस्तादांशी आधीच बोलणी करते, इनामाची रक्कम पक्की करते, मल्लांची नावे आणि रक्कम हँडबिलावर छापते आणि पहिल्या क्रमांकाच्या इनामाची कुस्ती सर्वांत शेवटी लावते, म्हणजे तोपर्यंत माणूस जागचा हलत नाही. ऑलिंपिकमधील हौशी मुष्टियुद्ध हे महाराष्ट्र केसरीच्या जातीचे आहे आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध हे जत्रेच्या मैदानाच्या जातीचे. यात्रा कमिटीच्या जागी प्रमोटर, म्हणजे लढत जुळवून तिच्यात पैसा घालणारा आयोजक, येतो. वस्तादाच्या जागी मॅनेजर येतो. आणि मुख्य लढतीआधी लागणाऱ्या लहान-मोठ्या लढतींना अंडरकार्ड म्हणतात. साम्य एवढ्यावर संपत नाही. जोड काट्याची असेल तरच मैदान रंगते हे कमिटीला कळते, पण हाताशी असलेला उमदा पठ्ठा इतक्यात पडू नये म्हणून वस्ताद सोपी जोड मागतो हेही तिला कळते, आणि जाणता कुस्तीशौकीन हँडबिलावरची जोड वाचूनच मैदानाला जायचे की घरी बसायचे हे ठरवतो. मुष्टियुद्धाच्या शौकिनाचे पहिले कौशल्य हेच, जोड वाचण्याचे.

फरक पडतो तो गदेच्या बाबतीत, कारण येथे गदेच्या जागी पट्टा असतो, तो देणाऱ्या कमिट्या चार आहेत आणि चारही स्वतःला जागतिक म्हणवतात. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन ही सर्वांत जुनी, १९२१ मध्ये वेगळ्या नावाने स्थापन झालेली. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल १९६३ ची, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन १९८३ ची आणि वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन १९८८ ची. पुरुषांचे वजनगट साधारणतः १७ मानले जातात, सर्वांत खालचा १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोंचा, आणि सर्वांत वरचा हेवीवेट, म्हणजे २०० पौंडांच्या, ९०.७ किलोंच्या पुढचा. त्यामुळे एका वेळी ६८ जगज्जेते असू शकतात, आणि त्यांत अंतरिम विजेते मिळवले तर संख्येचा काही धरबंदच राहत नाही. एका गटातील चारही पट्टे एकाच कमरेला आले की त्या मुष्टियोद्ध्याला आज निर्विवाद जगज्जेता म्हणतात. हेवीवेटमध्ये लेनॉक्स लुईस नोव्हेंबर १९९९ मध्ये निर्विवाद ठरला, आणि त्यानंतर तो मान पुन्हा कोणाला मिळण्यासाठी १८ मे २०२४ उजाडावा लागला, जेव्हा युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकने रियाधमध्ये ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हरवले. मधल्या २४ वर्षांत या गटात लायक माणसे नव्हती असे नाही. पट्टे वेगवेगळ्या प्रमोटरांच्या आणि वेगवेगळ्या वाहिन्यांच्या ताब्यात राहिले, एवढेच त्याचे कारण.

प्रत्येक संघटना आपल्या जगज्जेत्याला ठराविक मुदतीत एका नेमलेल्या आव्हानवीराशी लढण्याचा आदेश देते. हा अनिवार्य आव्हानवीर. मुदत, सवलत, दुखापतीचा दाखला, मुदतवाढ, अंतरिम पट्टा हे शब्द शौकिनाच्या बोलण्यात ठोशांच्या नावांइतकेच येतात, आणि त्याची ही निम्मी विद्या सरकारी कचेरीत फाईल कुठे अडली आहे हे ओळखणाऱ्या माणसाच्या विद्येपेक्षा फारशी निराळी नसते. न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करचे २०२५ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २२ फेब्रुवारीला रियाधमध्ये त्याची डॅनियल दुबॉयशी जागतिक पट्ट्यासाठी लढत ठरलेली होती. दोन दिवस आधी दुबॉय आजारी पडला आणि बदली म्हणून कांगोहून मार्टिन बकोले याला बोलावण्यात आले, जो लढतीच्या दिवशीच येऊन पोहोचला, ज्याचे वजन ३१५ पौंड, म्हणजे सुमारे १४३ किलो भरले आणि जो दुसऱ्या फेरीत आटोपला. या विजयाने पार्करचा उसिकशी लढण्याचा हक्क आणखी पक्का झाला, जुलैमध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनने उसिक-पार्कर लढतीचा आदेशही काढला, पण उसिकने दुखापतीचे कारण देऊन मुदतवाढ मिळवली. आता पार्करपुढे दोन वाटा होत्या : हक्क जपत हात बांधून बसायचे, किंवा मधल्या काळात लढून तो हक्क पणाला लावायचा. त्याने दुसरी निवडली आणि फॅबियो वॉर्डली या धडाकेबाज इंग्रज मुष्टियोद्ध्याशी लढत घेतली. व्यवहाराच्या हिशेबाने हा निर्णय कच्चा म्हणावा लागेल; शौकिनाच्या लेखी मात्र असे कच्चे निर्णय घेणारी माणसे आहेत म्हणूनच या खेळात काही पाहण्यासारखे उरते.

जोड वाचण्याचे साधन म्हणजे मुष्टियोद्ध्याची नोंद. १७-० आणि कंसात ११ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ १७ लढती जिंकल्या, एकही हरली नाही आणि ११ मध्ये प्रतिस्पर्धी शेवटच्या घंटेपर्यंत टिकला नाही. ही नोंद जेवढे सांगते त्याहून अधिक लपवते, कारण १७ जणांपैकी १२ जण हरण्याचेच मानधन घेणारे असतील तर शून्य पराभवांना काही किंमत राहत नाही. म्हणून जाणकार विजयांच्या आकड्यावर न थांबता प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी काढतो, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्याही. परदेशी सट्टेबाजांचे दरही तो वाचतो, पण केवळ अंदाजाचा एक पुरावा म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केल्यापासून तर त्या दरांना भारतात दुसरा काही अर्थच उरलेला नाही.

जोड ठरली, तारीख ठरली की घड्याळाचे गणित सुरू होते, आणि विरारच्या शौकिनाला ते तोंडपाठ असते. रियाध भारताच्या अडीच तास मागे आहे. लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. लास व्हेगास उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. जपान मात्र साडेतीन तास पुढे. लढती बहुधा शनिवारी रात्री होत असल्याने याचा अर्थ असा निघतो की लंडन आणि रियाधच्या मुख्य लढती रविवारी पहाटे अडीच ते चारच्या दरम्यान पडतात, म्हणजे विरारहून पहिली लोकल सुटते साधारण त्याच सुमारास. अमेरिकेच्या लढती रविवारी सकाळी, घरात पोहे होत असताना. आणि जपानच्या लढती संध्याकाळी, पुष्कळदा कामाच्या दिवशी. ज्याला रविवारीही मुंबई गाठायची असते त्याला यात पश्चिम रेल्वेच्या जम्बो ब्लॉकचा हिशेब मिळवावा लागतो. शिवाय जाहीर केलेली वेळ ही कार्यक्रमाच्या सुरुवातीची असते आणि मुख्य लढत त्यानंतर चार-पाच तासांनी केव्हातरी लागते, त्यामुळे गजर कितीचा लावायचा हा नेहमीचाच पेच. गजर उशिराचा लावावा तर अंडरकार्डमधल्या लढती लवकर आटोपून मुख्य लढत आधीच सुरू झालेली असते, आणि लवकरचा लावावा तर राष्ट्रगीते, धूर, नाच आणि जाहिराती पाहत ताटकळावे लागते.

जपानच्या नाओया इनोउएची मेक्सिकोच्या लुइस नेरीशी झालेली लढत सोमवारी, ६ मे २०२४ रोजी झाली. जपानमध्ये तो सुट्टीचा दिवस होता, मुंबईत नव्हता, आणि भारतीय वेळेनुसार ती ऑफिसे सुटण्याच्या सुमारास पडली. टोकियो डोममध्ये मुष्टियुद्ध होण्याची ती फेब्रुवारी १९९० मधील टायसन-डग्लस लढतीनंतरची पहिलीच वेळ. पहिल्याच फेरीत, अगदी जवळून झडलेल्या देवाणघेवाणीत, नेरीचा डावा हुक इनोउएच्या जबड्यावर बसला आणि कारकिर्दीत पहिल्यांदा तो खाली गेला. चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलच्या गर्दीत मोबाइलच्या पडद्यावर हे पाहणाऱ्याला पडणे दिसले असेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतरच्या आठ सेकंदांत होती. खाली गेलेला मुष्टियोद्धा लाजेने किंवा घाईने बहुधा ताबडतोब उठू पाहतो आणि लटपटत्या पायांनी पुढचा ठोसा ओढवून घेतो. इनोउए मात्र एका गुडघ्यावर शांत राहिला, पंचाची मोजणी आठपर्यंत जाऊ दिली आणि मगच उठला. दुसऱ्या फेरीत त्याने नेरीला पाडले, पाचव्या फेरीत पुन्हा पाडले आणि सहाव्या फेरीत लढत संपवली. मोजणीतली सेकंदे हा विश्रांतीचा हक्क आहे, हे पडण्याच्या क्षणीही ज्याला आठवते तो मुष्टियोद्धा वेगळ्या प्रतीचा असतो.

एकाच रविवारात हे सारे वेळापत्रक कसे कोंबले जाते याचे उदाहरण म्हणजे १४ सप्टेंबर २०२५, पितृपक्षातला रविवार. भारतीय वेळेनुसार आदल्या उत्तररात्री लिव्हरपूलमध्ये हौशी मुष्टियुद्धाच्या जागतिक स्पर्धेत हरियाणाच्या जास्मिन लांबोरियाने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि रविवारी मीनाक्षी हुडाने ४८ किलो गटात दुसरे सुवर्ण मिळवले. सकाळी नऊच्या सुमारास लास व्हेगासच्या अलीजियंट स्टेडियममध्ये ७० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर टेरेन्स क्रॉफर्ड आणि साउल 'कॅनेलो' अल्वारेस समोरासमोर आले. क्रॉफर्ड खालच्या वजनांतून चढत १६८ पौंडांवर आला होता, त्याने ११६-११२, ११५-११३, ११५-११३ अशी लढत जिंकली आणि चार पट्ट्यांच्या काळात तीन वजनगटांत निर्विवाद ठरलेला तो पहिला पुरुष मुष्टियोद्धा झाला. संध्याकाळी नागोयामध्ये इनोउएने उझबेकिस्तानच्या मुरोदजॉन अखमादालिएव्हला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवले. त्याच रात्री आठ वाजता दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता, आणि तो संपल्यावर हस्तांदोलन झाले नाही यावरून जी चर्चा पेटली तिच्यात दिवसभराचे बाकी सारे बुडून गेले. दोन भारतीय स्त्रियांची जागतिक सुवर्णपदके दुसऱ्या दिवशीच्या बोलण्यात अपवादानेच ऐकू आली असतील. त्यावर शौकिनाने चिडावे तर तो वर्षभर चिडूनच राहील.

हे पाहण्याची साधने अलीकडे बदलली. डॅझोन ही मुष्टियुद्धावर भर देणारी प्रक्षेपण सेवा २०२० च्या अखेरीस जगभर खुली झाली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने जेक पॉल आणि ५८ वर्षांचा माइक टायसन यांची लढत दाखवली, तेव्हा मुष्टियुद्धाशी एरवी काही संबंध नसलेल्या घरांतही शनिवारी सकाळी पडद्यावर रिंगण दिसले. लढत म्हणून ती दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्यांची, तारुण्य आणि म्हातारपण यांची विजोड गाठ होती आणि प्रक्षेपणही अडखळत होते. त्याच कार्यक्रमात हरियाणाच्या नीरज गोयतने ब्राझीलच्या व्हिंडरसन नुनेसला गुणांवर हरवले. नुनेस हा मूळचा विनोदी कलाकार आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे विजयाचे मोल योग्य तेवढेच राहते.

घरी बसून गुण देणे हा शौकिनाचा खरा अभ्यास. तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती अशी रचना असते. त्या एका मिनिटात, समालोचकांची गुणपत्रिका पडद्यावर येण्याच्या आत, वहीत आकडे लिहायचे असतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, आणि एखादा खाली गेला असेल तर त्याला बहुधा ८. रिंगणाच्या तीन बाजूंना बसलेले तीन पंच हेच करतात. पंचांमध्ये मतभेद होऊन दोघांनी एकाच्या आणि तिसऱ्याने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला तर त्याला विभागलेला निर्णय म्हणतात. जाणते शौकीन गुण देताना आवाज बंद ठेवतात, कारण समालोचकाचा उत्साह आणि प्रेक्षकांचा गजर हातातल्या पेन्सिलीला वळवतो. विरारच्या दोन खोल्यांच्या घरात पहाटे तीन वाजता आवाज तसाही बंदच ठेवावा लागतो, तेव्हा शिस्त आपोआप पाळली जाते.

एका गुणाचे मोल किती, हे उसिक-फ्युरीच्या पहिल्या लढतीने दाखवले. विरार ज्यात येते त्या पालघर मतदारसंघात लोकसभेचे मतदान २० मे २०२४ रोजी होते आणि त्याच्या आदल्या दिवशी पहाटे ती भारतात दिसली. गुणपत्रिका होत्या ११५-११२ आणि ११४-११३ उसिकच्या बाजूने आणि ११४-११३ फ्युरीच्या बाजूने. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताने फ्युरी हलला, एका दोरखंडावरून दुसऱ्यावर आदळत गेला, पण जमिनीवर पडला नाही; दोरांनीच त्याला सावरून धरले असे ठरवून रिंगणातील पंच मार्क नेल्सन यांनी मोजणी सुरू केली आणि नियमाप्रमाणे ते पडणे धरले गेले. ही मोजणी झाली नसती तर ती फेरी १०-८ ऐवजी १०-९ अशी उसिकलाच गेली असती, दुसरी गुणपत्रिका ११४-११४ झाली असती, एक पंच इकडे, एक तिकडे आणि एक मध्ये अशा स्थितीत लढत बरोबरीत सुटली असती, आणि २४ वर्षांनी मिळालेला निर्विवाद जगज्जेता त्या पहाटे मिळाला नसता. ज्याच्या वहीत नवव्या फेरीपुढे नुसते १०-९ होते, त्याला पुन्हा बसून आपलाच हिशेब तपासावा लागला.

या निरपेक्ष हिशेबाची खरी कसोटी लागते ती आपला माणूस रिंगणात उतरल्यावर. विरारपासून लोकलने गाठता येईल अशा अंतरावर ती एकदा, ५ ऑगस्ट २०१७ रोजी, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये लागली. महालक्ष्मी स्थानकापासून जवळच्या या वल्लभभाई पटेल स्टेडियमशी जुन्या मुंबईकरांच्या मनात दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्या जोडलेल्या आहेत. त्या शनिवारी तेथे विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतिअली यांची दहा फेऱ्यांची लढत झाली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील कांस्यपदकानंतर विजेंदर २०१५ मध्ये व्यावसायिक झाला होता, मँचेस्टरमध्ये पहिली लढत जिंकला होता, आणि जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनचा आशिया-पॅसिफिक पट्टा त्याने मिळवला होता. हा जागतिक नव्हे, तर प्रादेशिक पट्टा, म्हणजे जागतिक क्रमवारीकडे नेणारी पायरी. झुल्पिकारकडे त्याच संघटनेचा ओरिएंटल पट्टा होता. अंडरकार्डमध्ये अखिल कुमार आणि जितेंदर कुमार या दोन ऑलिंपियनांनी व्यावसायिक पदार्पण केले आणि नीरज गोयतही लढला. डोकलामचा तणाव ऐन भरात होता आणि भारत विरुद्ध चीन एवढ्या तीन शब्दांनी लढतीची निम्मी जाहिरात झाली होती.

निकाल विजेंदरच्या बाजूने लागला, एकमताने, आणि त्याने दोन देशांतील शांततेसाठी प्रतिस्पर्ध्याचा पट्टा परत देण्याची तयारी तिथेच बोलून दाखवली. हे वर्तमानपत्रांत ठळक आले. गुणपत्रिका मात्र बारीक अक्षरांत होत्या : ९६-९३, ९५-९४, ९५-९४. एकमताचा निर्णय म्हणजे निर्विवाद वरचढपणा असा समज सर्वत्र आहे, परंतु येथे तिघांपैकी दोन पंचांच्या कागदावर अंतर एकाच गुणाचे होते. दहांपैकी एखादी फेरी त्या दोघांनी उलट दिली असती तर ९४-९५ अशा दोन पत्रिकांनिशी दोन्ही पट्टे चीनला गेले असते. डोममध्ये बसलेल्याला हे कळणे अवघड होते. आपल्या माणसाचा हातमोज्यांवर अडवला गेलेला ठोसाही लागला असे वाटते, त्यावर शेकडो गळे ओरडतात, आणि प्रतिस्पर्ध्याचा पोटावर बसलेला स्वच्छ ठोसा शांततेत विरून जातो. ज्यांनी दारासिंगच्या कुस्त्यांना टाळ्या दिल्या त्यांना हा आनंद पुरेसा असेल, आणि त्यात गैर काही नाही. पण मुष्टियुद्ध पाहणे ते नव्हे. परतीच्या विरार लोकलमध्ये ही लढत अटीतटीची होती असे म्हणणाऱ्याला त्या रात्री फार श्रोते मिळाले नसते.

दुसरी संधी गोव्यात आली. १९ मार्च २०२१ रोजी, करोनाच्या सावटात, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंगण उभारले गेले आणि बारा लढतींत अपराजित असलेला विजेंदर रशियाच्या आर्तिश लोप्सानसमोर उभा राहिला. नोव्हेंबर २०१९ नंतर तो लढलाच नव्हता. जहाज, नदी आणि दिवे यांच्या बातम्या भरपूर आल्या. सोळा महिने रिंगणाबाहेर असलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या मुष्टियोद्ध्यापुढे सहा फूट चार इंचांचा तरुण कोणत्या हिशेबाने आणला, हा प्रश्न मात्र जोड वाचणाऱ्यांनीच विचारला. लोप्सानने पाचव्या फेरीत लढत संपवली. २००८ च्या पदकाचे ऋण मानणाऱ्या चाहत्याला तो धक्का होता, नोंदी वाचणाऱ्याला फारसा नव्हता.

महाराष्ट्रातून असा व्यावसायिक का निघत नाही याचे उत्तर रिंगणात शोधण्यापेक्षा नोकरीत शोधावे. राज्यात गुणी मुष्टियोद्ध्यांची वानवा नाही : नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधील जागतिक युवा स्पर्धेत ८१ किलोंवरील गटात सुवर्ण जिंकले, पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनमधील त्याच स्पर्धेत ५२ किलो गटात. पण हौशी पदकांमागे रेल्वे, सैन्यदल आणि पोलीस यांच्या क्रीडा कोट्यातील नोकऱ्या असतात, दरमहा पगार असतो, निवृत्तिवेतनाची आशा असते. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला मात्र लढतीमागे मानधन, आणि त्यातून प्रशिक्षक, मॅनेजर, प्रवास व वैद्यकीय तपासण्या भागवायच्या. भारतात व्यावसायिकांना परवाने देण्याचे काम इंडियन बॉक्सिंग कौन्सिल करते, पण परवान्याने लढती मिळत नाहीत. मध्यमवर्गीय मराठी घरात हा हिशेब मांडला तर उत्तर काय येईल हे सांगायला नको. पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणारा कर्नालचा निशांत देव जानेवारी २०२५ मध्ये एडी हर्न या प्रमोटरच्या मॅचरूम कंपनीशी करार करून लास व्हेगासमध्ये पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकला, तो याला अपवाद. आणि विरारच्या शौकिनासाठी तोही हरियाणाचाच.

या छंदाची एक बाजू अशी आहे की जिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम ड्युक-कू रे मॅनचिनीशी झालेल्या लढतीनंतर मरण पावला आणि वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जागतिक लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. इतर संघटनांनी पुढे तेच केले. ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये एकाच कार्यक्रमात लढलेले शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोघे, दोघेही २८ वर्षांचे, मेंदूतील रक्तस्रावाने दगावले, आणि तेथील विभागीय विजेतेपदाच्या लढती बारावरून दहा फेऱ्यांच्या करण्यात आल्या. फेऱ्या कमी केल्याने धोका कमी होतो, जात नाही. मेंदूवरचा आघात बहुधा एका ठोशाचा नसून, सराव धरून, हजारोंचा असतो. जे शौकीन या बातम्यांनंतर पाहणे सोडतात त्यांच्याशी वाद घालता येत नाही. जे सोडत नाहीत त्यांनी निदान एवढे करावे : एकतर्फी झालेल्या लढतीत पंचाने लवकर हस्तक्षेप केला किंवा कोपऱ्यातून टॉवेल आला तर शिव्या घालू नयेत.

२०२५ च्या दिवाळीनंतरच्या याद्या शौकिनाच्या हाती होत्या. पार्कर-वॉर्डली लढत शनिवार, २५ ऑक्टोबर रोजी लंडनच्या ओटू अरीनामध्ये, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या रविवारी पहाटे पावणेतीनच्या सुमारास. त्याच सकाळी भारतीय वेळेनुसार साडेसहाला ब्रिटनची घड्याळे एक तास मागे जाणार होती, तेव्हा त्यापुढच्या लंडनच्या मुख्य लढती पावणेचारच्या धराव्या लागणार होत्या, आणि २ नोव्हेंबरपासून अमेरिकेच्याही एक तास उशिरा. २२ नोव्हेंबरला रियाधमध्ये डेव्हिड बेनाव्हिडेझ आणि अँथनी यार्ड. रियाधचे घड्याळ बदलत नाही. डिसेंबरअखेरीस तेथेच इनोउए आणि जुंतो नाकातानी एकाच रात्री वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी लढणार होते, आणि सगळ्यांचे लक्ष ज्या लढतीकडे लागले होते ती त्या दोघांची एकमेकांशी. ३१ मार्च २०२५ रोजी टोकियोतील पुरस्कार समारंभात इनोउएने व्यासपीठावरूनच नाकातानीला वर्षभरानंतर टोकियो डोममध्ये लढू या असे सांगितले आणि त्याने होकार दिला. या याद्या आल्या तेव्हा त्या लढतीची तारीख ठरलेली नव्हती. नाकातानी डावखुरा, इनोउएपेक्षा चांगलाच उंच, तोपर्यंत ११८ पौंडांवर लढत असलेला आणि तेव्हा १२२ वर येणारा. चार पौंड वाढल्यावर त्याच्या डाव्या हातातली ताकद तशीच राहते का, आणि नेरीचा हुक ज्या जवळच्या अंतरावरून बसला त्या अंतरावर तो इनोउएला ओढू शकेल का, या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर डिसेंबरमध्ये मिळणार होते.